रसेल आणि नैयायिक एका बैठकीत

वरंधला तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की माणसं शिवथरघळीचं नाव घेतात. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ तिथे सांगितला, शिष्य कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, ही इथली श्रद्धा. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये घळ शोधून काढली आणि राबता सुरू झाला. मला मात्र याच मुलखाच्या घाटमाथ्यापलीकडच्या एका प्राध्यापकाबद्दल सांगायचं आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-पाचगणी ओलांडली की वाई लागते. मे. पुं. रेगे (१९२४–२०००) यांच्या उत्तरायुष्यातलं बरंच काम या गावाशी जोडलेलं आहे.

नोकरीचा तपशील थोडक्यात असा: मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचं अध्यापन, तिथेच प्राचार्यपद. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाच्या ‘नवभारत’ मासिकाचं संपादन. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्ये गेल्यावर मराठी विश्वकोशाची धुराही त्यांच्याकडे आली. ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ वाचताना अवघड विषय मराठीत किती स्वच्छ मांडता येतो, हे कळतं.

पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम १९८३ मध्ये पुण्यात झालं. तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि रेगे यांच्या पुढाकाराने संस्कृत शास्त्री आणि इंग्रजीत तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक एकत्र बसले. चर्चेला विषय होता बर्ट्रंड रसेल, म्हणजे १८७२ मध्ये वेल्समध्ये जन्मलेला आणि १९७० मध्ये वेल्समध्येच वारलेला तत्त्वज्ञ. त्याचा विधानांविषयीचा विचार संस्कृतात शास्त्र्यांपुढे ठेवण्यात आला.

रसेलला छळणारा प्रश्न साधा दिसतो. शिंपला पाहून कुणी ‘ही चांदी’ म्हणाला, तर त्याच्या मनापुढे नेमकं काय असतं? खोटं विधान नावाची काही वस्तू जगात असते का? बैठकीतल्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या शास्त्र्यांच्या, विचाराला अशा वस्तूची गरजच पडत नाही. न्यायाच्या दृष्टीने खरं-खोटं ठरतं ते ज्ञान. ज्ञानात एक विशेष्य (ज्याविषयी ज्ञान होतं ते) असतं, एक प्रकार (त्यावर दिसणारा धर्म) असतो आणि दोहोंना जोडणारा संसर्ग. समोरचा शिंपला खरा, बाजारात पाहिलेली चांदीही खरी. चूक एवढीच, की तिथलं चांदीपण इथल्या शिंपल्याला चिकटलं. याला अन्यथाख्याति म्हणतात.

शास्त्र्यांना पोथ्यांचे राखणदार न मानता आजचे विचारवंत मानणं, हे या बैठकीचं मोल. तिचा वृत्तांत ‘संवाद’ या नावाने १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आला. संपादकांत रेगे होते. समाज बदलायचा तर परंपरेच्या आत शिरून, तिच्याच भाषेत तिला प्रश्न विचारावे लागतात, असं ते पुढे मांडत राहिले. अनेक विवेकवाद्यांना हे मान्य नव्हतं. रेग्यांनी त्यांच्याशीही वाद घातला, तोही मराठीतच, कुणाही वाचकाला दोन्ही बाजू तपासता येतील असा.