पुराच्या रात्रीची पिशवी

आमच्या गेवराई तालुक्यातला गोदावरीचा पूर बऱ्याचदा परक्या पावसाचा असतो. पाऊस पडतो नाशिककडे, भरते पैठणचे जायकवाडी धरण, आणि धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे ऊन असतानाही नदी चढते. ऑगस्ट २००६ मध्ये गोदाकाठाने ते पाहिले, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा पाहिले.

२००६ साली रात्री ‘पाणी सोडलंय, निघा’ असा पुकारा झाला. आम्ही भांड्यांची ट्रंक उचलली. ती दोघांनाही पेलेना, म्हणून वाटेतच ठेवली. शाळेत पोचल्यावर कळले, की आईच्या साखरेच्या गोळ्या घरी कोनाड्यातच राहिल्या. त्या मिळेपर्यंत आमचा जीव टांगणीला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारतो: तुझे वजन किती? आणि तू नसलीस तर उद्या सकाळी काय अडेल?

पाण्याचेच पाहा. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच माणसांचे दिवसभराचे पिण्याचे पाणीच दहा किलोंच्या वर जाते. म्हणून दोन लिटर भरून घ्यावे आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. गढूळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. तांदळाला भांडे, चूल आणि वर पुन्हा पाणी लागते. शेंगदाणे, फुटाणे, गूळ यांना काहीच लागत नाही. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक हे कागद जाड प्लास्टिकमध्ये बांधले तर वजन नगण्य. पण पंचनाम्याच्या वेळी त्यांच्यावाचून हेलपाटे पडतात. रोजची औषधे, जुलाबासाठी क्षारसंजीवनीच्या पुड्या, बॅटरी, शिट्टी, मोबाइलचा चार्जर आणि लेकराचे कोरडे कपडे घेतले की झाले.

हे शहाणपण आपल्याकडे आहेच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी आमची मायबहीण सहा महिन्यांचा संसार एका गाडीत बसवते. ती काय नेते यापेक्षा काय मागे ठेवते, ते पाहण्यासारखे असते.

पिशवी भरली की किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावी. मग जो ती उचलणार, त्यानेच खांद्याला लावून गावाबाहेरच्या उंचवट्यापर्यंत चालून पाहावे. दम लागला तर एक वस्तू कमी करावी. कडेवर लेकरू असेल तर एक हात मोकळा राहिलाच पाहिजे.

माझी पिशवी पाच किलोंची आहे. ती दाराजवळच्या खुंटीला असते. दर मृगाला उघडून गोळ्यांवरची तारीख तेवढी बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)