सुबोध भाषेचे कारागीर

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मित्राच्या वडिलांच्या हाती कर्जासंबंधीचा एक कागद आला. ते उधन्याच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करतात. गाव खानदेशातले, घरची बोली अहिराणी, वाचन मराठी; कागद मात्र इंग्रजी. मुलगा शाळेत इंग्रजी शिकतो म्हणून तो कागद त्याच्यापुढे आला आणि त्याने तो आम्हां चौघांपुढे ठेवला. पहिलेच वाक्य अकरा ओळींचे होते. आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. एकेका शब्दाचा अर्थ लागला, परंतु वाक्याचा अर्थ काही लागेना. शेवटी मित्राचे वडील म्हणाले, "पोरांनो, एवढंच सांगा, कधी आणि किती भरायचं?" ते आम्हांस सांगता आले नाही. त्या वेळी जी लाज वाटली, तीच या लेखाचे निमित्त होय.

प्रथम आम्ही दोष आमच्या इंग्रजीला दिला. पुढे वाचन केले तेव्हा कळले, की ज्यांची ती मातृभाषा, त्या लोकांचीही हीच तक्रार फार जुनी आहे. आणि अवघड इंग्रजी सोपे करून देणे व तसे लिहिण्यास इतरांना शिकविणे हा काही माणसांनी आपला व्यवसायच केला आहे.

त्यांतील एक सर अर्नेस्ट गॉवर्स. हे इंग्लंडच्या सरकारी सेवेतील मोठे अधिकारी. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील अर्थखात्याने त्यांस सरकारी नोकरांसाठी लेखनाचे मार्गदर्शक पुस्तक लिहावयास सांगितले. १९४८ साली 'प्लेन वर्ड्‌स' प्रसिद्ध झाले. कचेरीतल्या कारकुनासाठी लिहिलेले ते पुस्तक सामान्य वाचकांनीही उचलले, आणि १९५४ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. सरकारी पत्र वाचणारा मनुष्य हा आपल्यासारखाच मनुष्य आहे, हे गॉवर्स यांनी लिहिणाऱ्यांच्या मनावर ठसविण्याचा यत्न केला.

दुसरे नाव याहून अगदी निराळे. क्रिसी माहर ही लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतील बाई. लहानपणी तिला शाळा जवळजवळ लाभलीच नाही, आणि वयात येईपर्यंत तिला वाचता येत नव्हते. मोठेपणी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांस सरकारी अर्ज भरून देऊ लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आले, की ज्यांस मदतीचा हक्क आहे तेच लोक अर्जाची भाषा न समजल्यामुळे त्या मदतीला मुकतात. १९७९ साली तिने लंडनमध्ये पार्लमेंटसमोरच्या चौकात अशा अर्जांचे जाहीरपणे तुकडे केले आणि 'प्लेन इंग्लिश कँपेन' ही संस्था उभी केली. मार्टिन कट्‌स हे तिचे आरंभीचे सहकारी. त्यांनी पुढे इंग्लंडचा १९९२ चा एक कायदा सोप्या भाषेत पुन्हा लिहून दाखविला आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून मूळ व नवा असे दोन्ही मसुदे पारखून घेतले. सोपे लिहिले की कायदा ढिला होतो, हा वकील मंडळींचा नेहमीचा आक्षेप. त्याला याहून चोख उत्तर कोणते?

ही मंडळी नेमके करतात काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उदाहरण मराठीच घेऊ, कारण या रोगापासून आपली भाषाही मुक्त नाही. "सदरहू रकमेचा भरणा विहित मुदतीत करण्यात कसूर झाल्यास नियमानुसार दंडनीय आकारणी करण्यात येईल." या वाक्यात माणूस कोठेच नाही. भरणा कोणी करावयाचा? आकारणी कोण करणार? मुदत कोणती? आता हेच पाहा: "तुम्ही दहा तारखेपर्यंत हप्ता भरला नाही, तर बँक तुमच्याकडून शंभर रुपये दंड घेईल." शब्द साधे झाले हा लाभ लहानच. कर्ता वाक्यात परत आला, त्याचे काम क्रियापदाला मिळाले, आणि तारीख व रक्कम उघड करावी लागली, हा खरा लाभ. शब्द बदलणारा संपादक सामान्य. न सांगितलेली गोष्ट लिहिणाऱ्याकडून वदवून घेणारा संपादक खरा.

वाचक म्हणतील, हे सारे साहेबांच्या देशातले. परंतु भाषा सुबोध करण्याचा उद्योग आमच्या या सुरतेलाही परका नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव मराठी व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल. १८१४ साली मुंबईस जन्मलेल्या या गृहस्थाने वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी अभ्यासली होती, तिचा उपयोग करून त्यांनी मराठीचे नियम मराठीतच मुलांना कळतील असे सांगितले. सुरतेस त्यांना दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक भेटले. दुर्गाराम यांनी पुस्तकांच्या प्रसारासाठी मंडळी काढून शिळाछापाचे यंत्रही मिळविले होते. १८४४ च्या जून महिन्यात या स्नेह्यांनी मानवधर्म सभा स्थापिली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास अशी प्रमुखांची पाचही नावे 'द' पासून सुरू होणारी, म्हणून लोक त्यांस पाच दद्दे म्हणत. मंत्राच्या बळावर लोकांस धाक घालणाऱ्या मांत्रिकांना सभेने उघड आव्हान दिले, की सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष दाखवा. न समजणाऱ्या शब्दांचा धाक हा केवळ मांत्रिकांचाच धंदा नव्हे, असे तो कर्जाचा कागद आठवून आम्हांस वाटून गेले.

१८४६ साली दादोबा मुंबईस परतले आणि तेथे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. म्हणजे लिहावयास शिकविणाऱ्यांना शिकविणे हाही त्यांचाच उद्योग झाला.

त्याच काळात पुण्यास मेजर थॉमस कँडी मराठी शाळापुस्तकांची भाषा तपाशीत होते. त्यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी जुनी मोडी कागदपत्रे एकदा डोळ्यांखालून घालावी. आधी शिरोरेषा ओढावयाची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जावयाचे. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. जाणत्या कारकुनाला ते वाचता येई, इतरांस अडखळावे लागे. कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले आणि स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम मराठीत रुळविले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागले अशी टीका पुढे झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि, ठिपका कोठे द्यावा हे दाखविणाऱ्याचे ऋण त्याच्या टीकाकारांनाही चुकत नाही. तेही त्याचेच विराम वापरून लिहीत होते.

गंमत अशी, की इंग्रजी दस्तऐवज लिहिणारे वकील विरामचिन्हे शक्य तितकी टाळीत आले. आमच्या त्या अकरा ओळींत स्वल्पविराम दोनच होते.

अलीकडे या बाबतीत आपल्या देशातही पाऊल पडले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली असा नियम केला, की १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांच्या मुख्य अटींचे एक सोपे पत्रक कर्जदारास त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावे. आमच्या मित्राच्या वडिलांचे कर्ज त्याआधीचे, म्हणून त्यांच्यापाशी ते पत्रक नव्हते.

तेव्हा आम्हीच ते काम करून पाहण्याचे ठरविले. दोन संध्याकाळ बसून त्या वाक्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला कर्ता शोधला, आणि सात ओळींची मराठी तयार झाली. किती भरावयाचे ते निघाले. न भरल्यास काय होईल तेही निघाले. केव्हा भरावयाचे, ही ओळ मात्र रिकामी राहिली. आम्ही पुनःपुन्हा मूळ कागद पाहिला. तारीख त्यात कोठेच नव्हती. ती दुसऱ्या कोणत्याशा पत्रकात असल्याचा नुसता उल्लेख होता. मित्राच्या वडिलांनी आमचा सात ओळींचा कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी बुडवून ते त्या एका ओळीसाठी कचेरीत गेले.