विमानतळाच्या जमाखर्चातील न लिहिलेली रक्कम

पुण्याचा नवा विमानतळ एके काळी आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात व्हावयाचा होता. शेतकऱ्यांचा विरोध आणि जागेच्या अडचणी यांमुळे तो बेत मागे पडला व २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड झाली. मंचर-नारायणगावच्या व्यापाऱ्यास आता विमान गाठण्यासाठी अवघे पुणे ओलांडून जावे लागणार, ही हळहळ आपल्या पेढ्यांवर अजून ऐकू येते.

ती समजण्यासारखी आहे. लोहगावची धावपट्टी वायुदलाची. तेथे २०२४ मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली, तरी वाढीस मर्यादा आहेतच. परंतु पुरंदरच्या सात गावांतील अंजीर व सीताफळाच्या बागा असलेल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात तेथे संघर्ष झाला. पुढे संपादनाचे क्षेत्र सुमारे तीन हजार एकरांपर्यंत खाली आणण्यात आले. मोबदल्याची चर्चा पुष्कळ झाली. हवेची मात्र फारशी नाही.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना मी लिहिलेल्या आकड्यांपेक्षा न लिहिलेला खर्च आधी शोधत असे. विमानसेवेत असा खर्च मोठा आहे. एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या अशा उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांचा परिणाम धरल्यास तापमानवाढीतील वाटा त्याहून अधिक भरतो. शिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याही देशाच्या एकूण बेरजेत धरले जात नाही. ते स्वतंत्र नोंदविले जाते. दोघा भागीदारांनी समाईक खर्च कोणाच्याच खाती न घालावा, तसा हा प्रकार.

तेव्हा कोणी उडूच नये काय? भावनगरमार्गे पालिताण्यास जाणाऱ्या वृद्ध मातापित्यांस मी तसे सांगणार नाही. (आपल्या साधु-साध्वींचा विहार पायीच चालतो, ही गोष्ट निराळी.) मात्र जवळच्या अंतरासाठी रेल्वे हाच खरा पर्याय, आणि तेथेच आपला तालुका अडला आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मंचर-नारायणगाववरून आखलेला मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीस बाधक ठरेल, म्हणून तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. दुर्बीण जपली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण विमानतळासाठी जेवढा आग्रह धरला जातो, तेवढा या रेल्वेसाठी सुरक्षित मार्ग शोधण्यास का धरला जाऊ नये?

दुसरा मार्ग पर्यायी इंधनाचा. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैव-इंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिश्रणाचे लक्ष्य केंद्र सरकारने ठेवले आहे. असे इंधन इथेनॉलपासूनही होते आणि इथेनॉल उसापासून. म्हणजे विघ्नहर व भीमाशंकर कारखान्यांच्या परिसराचा या व्यवहाराशी थेट संबंध येऊ शकतो. भाव मिळेल, हे खरे. परंतु ऊस वाढला तर पाणी कोठून आणावयाचे? डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या आवर्तनाकडे आजच श्रीगोंदा-कर्जतपर्यंतचे शेतकरी डोळे लावून बसलेले असतात.