घड्याळ साखर दाखवतं, पण मोजतं का?



हल्ली जेटीवर एकच विचारणा: "सेक्रेटरी, बोटाला न टोचता साखर सांगणारं घड्याळ ऑनलाइन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?"

सरळ उत्तर: साखरेसाठी घेऊ नका.

घड्याळामागच्या हिरव्या दिव्याने नाडीचे ठोके मोजता येतात, रक्तातली साखर नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावलं की न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका. अशा एकाही उपकरणाला मंजुरी दिलेली नाही.

मग काहींच्या घड्याळात खरा आकडा दिसतो तो कसा? तो दंडावर लावलेल्या सेन्सरचा असतो. त्याला सीजीएम म्हणतात. त्याची बारीक तार कातडीखाली असते. सेन्सर मोजतो, घड्याळ फक्त दाखवतं. तो साधारण १० ते १५ दिवसांनी बदलावा लागतो, म्हणून खर्च जास्त.

हा विषय आपल्या घरातलाच आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एक.

खोटा वाढीव आकडा बघून कोणी इन्सुलिन जास्त घेतलं, तर साखर झपकन उतरते. घाम, थरथर, डोकं चालेनासं होतं. गावात दवाखाना जवळ असतो. दर्यात, जाळं ओढताना किंवा सुकाणू हातात असताना काय करणार?

म्हणून बोटीवर एवढं ठेवा:

• ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात. तपासण्याआधी हात धुऊन पुसा.
• साखरेची पुडी. आकडा ७० च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा.
• शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. समुद्रात तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा, किनाऱ्यावर १०८.
• इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तांडेलाला आणि सोबतच्या खलाशांना सांगून ठेवा. यात लाज कसली?

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा एचबीए१सी तपासून घ्या. तीन महिन्यांची सरासरी कळते. औषधाचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

घड्याळ वेळ बघायला ठेवा. साखरेसाठी रक्ताचा एक थेंबच खरा. खलाशांच्या ग्रुपवर जरूर पाठवा.

– आपला सेक्रेटरी