ऐतिहासिक प्रबंधाचीं आरंभींचीं प्रकरणें

कागद लावून झाले, नकला उतरून झाल्या, मित्यांचा मेळ बसला, म्हणजे प्रबंध आतां लिहून झालाच असें संशोधकास वाटूं लागतें. खरी अडचण त्यानंतर उभी राहते. आरंभ कोठून करावा हें ठरत नाहीं. आणि तें ठरत नाहीं म्हणून बहुतेक लेखक देवगिरीच्या यादवांपासून आरंभ करतात. पेशवाईंतील एका कुलकर्ण वतनाच्या तंट्यावरील प्रबंध मध्यंतरीं आमच्याकडे अभिप्रायार्थ आला होता. त्याचीं पहिलीं चाळीस पृष्ठें यादव, बहामनी व आदिलशाही यांच्या इतिहासानें भरलेलीं होतीं. ज्या महजरावर सर्व प्रबंध उभा, तो कोणाच्या घरीं मिळाला, अस्सल आहे कीं तालीक, हें मात्र कोठेंच सांगितलेलें नव्हतें. लेखकाचे श्रम मोठे होते आणि महजरही खरोखर मोलाचा होता. पण त्यावर विश्वास ठेवावयास वाचकाच्या हातीं कांहींच नव्हतें.

या प्रकरणांच्या कामाविषयीं आमची समजूत साधी आहे. लेखकासमोर कागद असतात, वाचकासमोर नसतात. हें अंतर होईल तितकें आरंभींच भरून काढावयाचें असतें. विचारिलें काय आहे, त्याविषयीं आजवर कोणीं काय म्हटलें, आणि आपलें म्हणणें कोणत्या कागदांवर उभें आहे, एवढें कळलें म्हणजे वाचक पुढील प्रतिपादन स्वतः तपासूं शकतो. उदाहरण सर्वांच्या परिचयाचें घेऊं. श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीवर आज कोणी नव्यानें प्रबंध लिहावयास बसला, तर त्यानें आरंभ कसा योजावा?

‘शिवाजी महाराजांचें बालपण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस झाला कीं शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस झाला, हा प्रश्न होय. तो असा एका वाक्यांत लिहितां आला कीं काय गाळावें हें आपोआप ठरतें. भोसल्यांचें मूळ कूळ, वेरूळची पाटिलकी, निजामशाहीचा उदयास्त यांस येथें जागा नाहीं. जन्मस्थळ शिवनेरी याविषयीं या दोन पक्षांत वाद नाहीं, तेव्हां किल्ल्याचें वर्णनही नको, मग तें लेखकानें कितीही हौसेनें लिहून ठेवलेलें असो. शहाजीराजे व जिजाबाई त्या त्या वेळीं कोठें होतीं, एवढीच चौकशी प्रस्तुत. हें प्रकरण तीन-चार पृष्ठांत आटपलें तर बिघडत नाहीं. तें लांबूं लागलें म्हणजे प्रश्न अद्याप हातीं आला नाहीं असें समजावें.

पूर्वसंशोधनाचें प्रकरण म्हणजे अमुक असें म्हणतात, तमुक तसें म्हणतात, अशी यादी झालेली आपण नेहमीं पाहतों. अशा यादीचा उपयोग थोडा. कोणीं काय म्हटलें यापेक्षां तें म्हणतांना त्याच्यापुढें कोणतीं साधनें होतीं, हें सांगणें अधिक महत्त्वाचें. लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली १९१६ मध्यें प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं ज्यानें १५४९ हा शक दिला त्याच्यापुढें मुख्यतः बखरी होत्या, आणि त्या आधारावर त्याचें म्हणणें गैर नव्हतें. १९२५ मध्यें द. वि. आपटे व स. म. दिवेकर यांचा ‘शिवचरित्रप्रदीप’ निघाला, १९२७ मध्यें दिवेकरांनीं कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ छापलें. या तीन सनांच्या खुणा रोवून मग प्रत्येक लेखकास त्याच्या जागीं बसवावें. तसें केलें कीं निम्मा वाद मिटतो, कारण भांडण मतांचें नसून हातांतील कागदांचें होतें असें दिसून येतें.

आतां साधनांचें प्रकरण. येथें लेखकानें हात आखडूं नये. जेधे शकावली ही कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांतली. तींत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत, आणि राज्याच्या घडामोडींबरोबर जेधे घराण्याच्या नोंदीही मिसळलेल्या आहेत. ही गोष्ट वाचकापासून लपविण्यासारखी नाहीं, उलट तीच पुढें ठेवावी. देशमुखास आपल्या वतनाच्या बाबतींत पक्षपात असूं शकतो, आणि तेथें त्याची साक्ष जपूनच घ्यावी. पण महाराजांची जन्मतिथि दोन वर्षें अलीकडे ओढण्यांत त्याचा लाभ कोणता? प्रत मूळ लेखकाच्या हातची कीं मागाहूनची, अक्षर एका हाताचें कीं अनेक, नोंदी त्या त्या वेळच्या कीं एकदम उतरलेल्या, हें सर्व याच प्रकरणांत यावें. पुढें वादाच्या भरांत हें सांगूं लागलें कीं तें वकिली वाटतें.

साधनांची संख्या मोजणें ही दुसरी फसवी वाट. पांच बखरींत एक तिथि सांपडली म्हणून पांच साक्षी झाल्या असें नाहीं. एकीवरून दुसरी उतरली असेल तर ती एकच साक्ष. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८११ च्या सुमाराची, म्हणजे घटनेहून पावणेदोनशें वर्षांहून अधिक दूरची, हेंही तेथेंच नमूद करावें. याच्या उलट, शकावली मावळांतल्या देशमुखांकडची, शिवभारताची प्रत तंजावरास मिळालेली, आणि तीच तिथि देणारी कुंडली जोधपुरास एका संग्रहांत निघालेली. हीं तीन ठिकाणें परस्परांपासून इतकीं दूर आहेत कीं एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असें म्हणणाऱ्यावरच पुराव्याचा भार पडतो. शिवाय जें साधन बोलत नाहीं त्याचीही नोंद करावी. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत जन्मतिथि नाहीं. आपल्या बाजूस पुरावा न देणारा ग्रंथ गाळून टाकण्याचा मोह पुष्कळांस होतो.

कालगणनेस स्वतंत्र प्रकरण द्यावें कीं साधनांच्या प्रकरणाअखेर उपांग जोडावें, याविषयीं मतभेद आहे. आम्ही स्वतंत्र प्रकरणाच्या बाजूचे. शकांत ७८ मिळवून इसवी सन काढण्याची संवय सर्वांस असते. परंतु शके १५५१ चा फाल्गुन हा पुढील इसवी वर्षाच्या आरंभीं पडतो, म्हणून तेथें ७९ मिळवून १६३० येतें. शकावलींत दिलेला वार शुक्रवार. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस जुन्या गणनेनें शुक्रवारच होता. नव्या गणनेनें तोच दिवस १ मार्च. पोर्तुगालनें नवी गणना १५८२ मध्यें स्वीकारली, इंग्रजांनीं १७५२ मध्यें. तेव्हां गोव्याचा कागद व सुरतेच्या वखारींतील कागद यांत सतराव्या शतकांत दहा दिवसांचें अंतर पडतें. त्यांतून इंग्रज त्या काळीं वर्ष २५ मार्चपासून मोजीत, म्हणजे हाच फेब्रुवारी त्यांच्या वहींत १६२९ चा म्हणून पडावयाचा! लेखकानें कोणती गणना धरली हें एकदां आरंभीं सांगून टाकलें म्हणजे पुढें पानोपानीं कंस घालावे लागत नाहींत.

मोडी कागदांच्या बाबतींत तर हें अधिकच अवश्य. ‘छ’ पुढील आंकडा चांद्र तारखेचा, तिथीचा नव्हे. पाठीवर ‘पैवस्ती’ची मिति असली तर ती पत्र पोंचल्याची, लिहिल्याची नव्हे, या दोहोंची गल्लत झाली तर लढाईची बातमी लढाईच्या नंतर पंधरा दिवसांनीं लिहिली गेली असा भलताच निष्कर्ष निघतो. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि मृगास पालटतो. त्यांत ५९९ मिळवले असतां मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचें इसवी वर्ष येतें, पुढील महिन्यांस ६०० मिळवावे लागतात. ‘सबा’ म्हणजे सात व ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘तिसा’ म्हणजे नऊ व ‘तिसैन’ म्हणजे नव्वद, हें जाणत्यांस सांगावयास नको. तरी आपण कोणता शब्द कसा वाचला हें मात्र सांगावें.

हीं प्रकरणें योजावीं प्रथम, लिहावीं शेवटीं. आरंभीं एका कागदावर टांचण असावें, तें शेवटपर्यंत खोडावें. टांचणांतला पहिला प्रश्न अखेरीस तसाच राहिला असें आमच्या अनुभवांत क्वचितच घडलें आहे.

आतां आमचीच एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांतील रुमालांतून निघालेल्या एका पत्रावर आम्हीं निबंध लिहिला. पत्राची कड झिजली होती, म्हणून घरच्या कारकुनानें पूर्वीं उतरलेली नक्कल आम्हीं पुढें ठेवली व तीवरून छापलें. निबंधाच्या आरंभीं मात्र ‘मूळ पत्रावरून’ एवढेंच लिहिलें. नकलेंत सनाचा शब्द ‘समान’ होता, म्हणजे आठ. कांहीं काळानें एका वाचकानें विचारिलें कीं हा शब्द ‘सलास’, म्हणजे तीन, असूं शकेल काय. कारण पत्रांत ज्यांच्या हयातीचा उल्लेख आहे ते गृहस्थ त्या पांच वर्षांच्या आंत वारल्याचें दुसऱ्या कागदांत दिसतें. आम्हांस स्मरतें तें इतकेंच कीं मुळांत त्या ठिकाणीं ‘स’ स्पष्ट होता आणि पुढें कागदच नव्हता. पुरता शब्द कारकुनानें तर्कानें भरला असावा. पडताळा पाहण्यास आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां वाडा पाडलेला होता आणि रुमाल रद्दींत गेले होते. त्या काळीं छायाचित्र काढणें आजच्यासारखें सोपें नव्हतें, हें खरें. पण कड झिजली आहे, नकलेवरून वाचलें आहे, हीं दोन वाक्यें लिहिण्यास छायाचित्र लागत नाहीं. आमचा निबंध उपलब्ध असल्यामुळें तें पत्र अजून अधूनमधून उद्धृत होतें, आणि प्रत्येक वेळीं ‘समान’ याच सनानें होतें.