बंदुकीचा धक्का आणि रबराची गादी

धारगळसारख्या पेडणे तालुक्यातील गावांत पीकराखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या बागायतदाराला खांद्याला बसणारा धक्का नवा नाही. त्या धास्तीने डोळे मिटले, की नळी हलते आणि छर्रे भलतीकडे जातात. वस्तीला लागून असलेल्या बागायतीत ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणूनच दस्त्याच्या टोकाला रबराची गादी बसवली जाते.

न्यूटनचा नियम मात्र गादीलाही चुकत नाही. बारा बोअरचे 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने सुटले, तर 3 किलोची बंदूक सेकंदाला चार मीटरहून अधिक वेगाने मागे येते. गादी दबताना तोच धक्का अधिक वेळात विभागला जातो, इतकेच. दस्ता खांद्याला घट्ट न टेकवणाऱ्यास तिचा फारसा लाभ नाही.

काही अर्धस्वयंचलित रायफलींच्या दस्त्यातील धक्काशोषक हा यंत्रणेचाच भाग असतो. तो प्रमाणाबाहेर जड बसवल्यास बोल्ट पुरेसा मागे सरकत नाही आणि रिकामे काडतूस अडकते. शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर हे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाचेच काम आहे. साध्या गादीनेही दस्ता लांबतो. तेवढे लाकूड कापले नाही, तर बंदूक उचलताना तो काखेत अडतो.