पोरांच्या लढाईसाठी घडीचं टेबल : डगमगणार नाही, जागाही अडवणार नाही

कासुर्डी (ता. दौंड) : दिवाळीत आपल्याकडे पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. दिवाळी सरली की किल्ला मोडतो आणि मावळे डब्यात जातात. पण त्याच मावळ्यांची लढाई वर्षभर घरात खेळता येते. टेबलावर डोंगर-खिंड मांडायची, टेपने मोजून सैन्य पुढं सरकवायचं आणि फासा टाकून निकाल लावायचा. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना असाच खेळ शिकवायला सुरुवात झाली. आपल्या पोरांना १६६१ ची उंबरखिंड मांडता येईल. अरुंद वाटेत मोठी फौज कशी अडकते, ते खेळताना आपोआप कळतं.

अडचण येते टेबलाची. मागच्या वर्षी आम्ही दोन ड्रमवर फळी टाकून भागवलं. थोरला एका कडेला रेलला आणि फळी उलटून धाकटीच्या पायावर आली. पाय नुसता सुजला, त्यावर निभावलं. तेव्हा ठरवलं, करायचं तर नीट करायचं.

फळी

बारा एमएमचा आठ बाय चार फुटी प्लाय घ्या. दुकानातच त्याचे तीन बाय चार फुटाचे दोन तुकडे कापून घ्या. जोडल्यावर सहा बाय चारचं टेबल होतं. उरलेल्या दोन फुटी तुकड्यातून घरं, तटबंदी करता येते. प्रत्येक तुकड्याखाली चारही कडांना एक बाय दोन इंची पट्टी उभी लावा, म्हणजे दोन इंचाची बाजू खाली येईल अशी. आडवी लावली तर प्लाय मधे झोळ खातो. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू मारा, नाहीतर पट्टी चिरते. दोन्ही तुकड्यांच्या जोडावरच्या पट्ट्यांना दोन आरपार भोकं पाडा. त्यात बोल्ट घालून विंग नट आवळा. हा पंखांचा नट बोटांनीच फिरतो, पाना लागत नाही.

घोडे

पाय फळीला ठोकू नका. गवंडी वापरतात तसे तीन सुटे घोडे करा. एका घोड्याला दोन चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीत वर चार फुटी पट्टी, २८ इंचाचे दोन पाय आणि पायांमध्ये एक तिरकी पट्टी. दोन्ही चौकटी वरून बिजागरीने जोडा. खाली पाय १८ इंच फाकले की ताणली जाईल अशी नायलॉनची दोरी बांधा. टेबल साधारण २९ इंच उंच होतं.

तिरकी पट्टी आणि दोरी वाचवायला जाऊ नका, सगळी ताकद तिथंच आहे. चौकोन ढकलला की कलंडतो, त्रिकोण आकार सोडत नाही. आपल्या पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणी असते ती याच कारणाने. जाड लाकूड घेऊन तिरकी पट्टी टाळली तर खर्च वाढतो आणि टेबल हलतंच.

दोन घोडे टोकांपासून सहा-सहा इंच आत ठेवा, तिसरा बरोबर जोडाखाली. घोड्यावर फळीच्या कडेच्या पट्टीला आतून टेकतील असे दोन लाकडी गुटके मारले की फळी बाजूला सरकत नाही.

आधी परीक्षा, मग खेळ

युरियाची ४५ किलोची गोणी जोडावर ठेवा आणि टेबल चारही बाजूंनी ढकलून बघा. नंतर कडेवर हात टेकून भार द्या. कुठं करकरलं किंवा हललं तर तिथला स्क्रू, दोरी बघा. पोरं कडेला रेलणार, हे धरूनच चाला.

टेबलावर मातीचा किल्ला मात्र करू नका. ओली माती जड असते आणि प्लाय फुगतो. थर्माकोल, पोतं आणि रंग यावर डोंगर छान होतात. प्लायच्या कापलेल्या कडांना प्रायमरचा हात द्या.

खेळ संपला की नट सोडा. दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटवून कपाटामागे उभ्या केल्या तर पाच-सहा इंच जागा लागते. एक फळी दहा-बारा किलोची भरते, त्यामुळे ती मोठ्यानेच उचलावी आणि घसरू नये म्हणून भिंतीला दोरीने बांधावी. घोडे मिटून खुंटीला टांगा. दोन खोल्यांच्या घरातसुद्धा कुणाची अडचण होत नाही. पाहुणे आले, कांदा निवडायचा असला, तरी हेच टेबल उपयोगी पडतं.